मखमल पिशवीला, स्वेटर वादकाला

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला आधी घागरा दिसतो, सूर मागाहून ऐकू येतो. यात दोष आपला नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लष्कराचे पाइप बँड जातात ते खांद्यावरून चौकड्यांचं कापड सोडून. इंग्रजी चित्रपटात धुकं पसरलं की त्यातून एक धिप्पाड स्कॉटिश माणूस किल्ट घालून, गाल फुगवून बाहेर येतोच. (घागरा हा शब्द त्याच्यासमोर वापरू नये. किल्टच म्हणावं.) त्यामुळे पिशवी तिथे किल्ट अशी गाठ आपल्या मनात पक्की बसलेली असते.

ही गाठ सुटते ती आयर्लंडमध्ये. मुलाकडे डब्लिनला गेलेले मराठी आईवडील एका संध्याकाळी ‘आयरिश संगीत ऐकायचंय’ म्हणून पबमध्ये नेले जातात. कोपऱ्यात पाचसहा जण गोल करून बसलेले असतात. फिडल, बासरी, अ‍ॅकॉर्डियन वगैरे. आई जरा वेळ वाट बघते.

“अरे, तो बॅगपाइपवाला अजून आला नाही का?”

“आलाय की आई. तो काय, खिडकीपाशी. राखाडी स्वेटरवाला.”

“तो? मला वाटलं नळ दुरुस्त करायला आलाय!”

आईंचं काही चुकलेलं नाही. त्या माणसाच्या मांडीवर पितळी नळ्या आडव्या पडलेल्या, कमरेला पट्टा, दंडाला पट्टा, काखेत काहीतरी कोंबलेलं आणि चेहऱ्यावर गळती कुठे आहे हे शोधणाऱ्याचे भाव. हाच तो आयर्लंडचा खास बॅगपाइप. त्याला इलन पाइप्स म्हणतात. २०१७ मध्ये युनेस्कोने या वादनकलेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. स्वेटरचा उल्लेख त्या यादीत नाही.

हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. वादक खुर्चीत बसतो, उजव्या कोपराखाली एक छोटा भाता घेतो आणि तो कमरेला नि दंडाला पट्ट्यांनी आवळतो. डाव्या काखेत चामड्याची पिशवी. कोपर खालीवर केलं की भात्यातली हवा पिशवीत जाते, आणि पिशवी दाबली की ती बोटांखालच्या चँटर नावाच्या नळीतून सूर होऊन बाहेर पडते. मांडीवर तीन ड्रोन असतात, एकच स्वर तीन सप्तकांत धरून बसणारे. त्यांच्याशेजारी रेग्युलेटर नावाच्या आणखी तीन नळ्या. त्यांच्या पट्ट्या दाबायला बोटं शिल्लकच नसतात, म्हणून त्या मनगटाजवळच्या तळव्याच्या कडेने दाबायच्या. थोडक्यात, वादकाच्या शरीराचा जो जो भाग मोकळा सापडला, त्याला कारागिरांनी काम लावून दिलं. फक्त तोंड सुटलं. त्यामुळे हा वादक, मनात आणलं तर, ऐन द्रुत लयीत “तुमचा किल्ट कुठंय?” या प्रश्नाचं उत्तरही देऊ शकतो. बहुतेक जण देत नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा.

इतर वाद्यं हातात घेतात. हे नेसावं लागतं. पट्टे, बकलं, नळ्या एवढा साज अंगावर चढल्यावर पोशाखाला जागा कुठे उरणार? पायपर होण्यासाठी एकवीस वर्षं लागतात, असं आयर्लंडमध्ये पूर्वापार म्हणतात: सात शिकण्याची, सात सरावाची आणि सात वाजवण्याची. त्या एकवीस वर्षांत शिंप्याकडे जायला एकही दुपार राखलेली नाही.

किल्ट या माणसाला का सोसत नाही, हेही त्या खुर्चीवरून कळतं. स्कॉटिश वादक उभा राहतो, चालतो, डोंगर चढतो. त्याच्या किल्टच्या चुण्या त्या चालीवर डुलतात. आयरिश वादक बसतो, गुडघे फाकवतो, आणि वाजवता वाजवता चँटर मांडीवरून उचलतो, पुन्हा टेकवतो. बसतो तो बहुधा मंचावर. मंचाची उंची साधारण पहिल्या रांगेच्या नजरेइतकी असते. पुढचं वाचकांनी समजून घ्यावं.

मग या परंपरेत पारंपरिक असं काही नेसण्यासारखं आहेच की नाही? आहे. एक चामड्याचा तुकडा. चँटरचं खालचं तोंड उघडं असतं. सगळी भोकं बोटांनी झाकून ते तोंड मांडीवर दाबलं की आवाज तुटतो, आणि त्या क्षणी पिशवीवर कोपराचा दाब थोडा वाढवला की सूर वरच्या सप्तकात उडी घेतो. स्वर सुटे, टोकदार काढायचे तरी हेच तंत्र. आता मांडीवर कापड असेल तर त्याच्या विणीतून हवा निसटते. जीन्स असो, लोकरी विजार असो, की लग्नात शिवलेला सूट असो, हवेला सगळं सारखंच. म्हणून मांडीवर चामडं हवं. कोणी पट्टा लावून बांधतो, कोणी नुसताच तुकडा टाकतो. त्याला पॉपिंग स्ट्रॅप असं भारदस्त नाव आहे. कलाकार घरून निघताना सूट विसरला तर कार्यक्रम होतो. हे चामडं विसरला तर पंचाईत होते. मग तो आयोजकांच्या बुटांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागतो.

बाकी नियम अलिखित आणि निव्वळ सोयीचे. बाही सैल नको, कारण मनगटाला रेग्युलेटरच्या पट्ट्यांवर काम असतं. फार जाड कोट नको, कारण त्याच्या घड्या आणि भाता एकाच कोपराखाली नांदत नाहीत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो, पण उघड्या दंडावर पट्टा घासून जो वळ उठतो तो घरी समजावून सांगावा लागतो.

खरा थाट असतो तो पिशवीचा. काखेतल्या त्या चामडी पिशवीला आवरण शिवतात ते बहुतेकदा मखमलीचं. बाटलीहिरव्या किंवा गडद लाल रंगाचं, कडेला झालर. आपल्याकडे पूर्वी घरची माणसं बनियनवर बसायची आणि टीव्हीला मात्र भरतकामाचं आवरण असायचं, तोच हा न्याय. पुन्हा नळ्या काळ्या शिसवी जातीच्या लाकडाच्या, कड्या पितळेच्या, ऐपत असेल तर चांदीच्या, जुन्या वाद्यांना हस्तिदंतसुद्धा. एवढं सगळं लेवून ते वाद्य कोपरं विरलेल्या स्वेटरच्या मांडीवर बसतं. दोघांचा एकत्र फोटो पाहिला तर कोण कुणाच्या नोकरीत आहे याबद्दल शंका राहत नाही.

वाद्याचे लाडही त्याच मानाने. आतल्या पत्त्या बोरूच्या असतात आणि हवामानावर रुसतात. अमेरिकेतल्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आयरिश पायपर स्वतः कुडकुडतोय की घामाघूम झालाय, इकडे त्याचं लक्ष नसतं. पत्तीला कसं वाटतंय याची तो चौकशी करत असतो.

पण माणसाला गणवेशाशिवाय राष्ट्रभक्ती करता येत नाही, ही जगाची रीत. एकोणिसावं शतक सरताना आयर्लंडमध्ये भाषा, खेळ, संगीत सगळ्याचं पुनरुज्जीवन सुरू झालं आणि ओघानेच प्रश्न निघाला की राष्ट्रीय पोशाख कोणता? मध्ययुगीन आयरिश माणूस केशरी रंगवलेला तागाचा लांब सदरा घालायचा, वर लोकरी झगा. किल्टचा त्यात पत्ता नाही. शोधाशोध करता जुन्या घट्ट विजारींचा नमुना सापडला. त्याबद्दल पॅट्रिक पिअर्सने १९०० साली सल्ला विचारणाऱ्या एकाला पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की या विजारी घालून तुम्ही लोकांपुढे गेलात तर लोकांना वाटेल, हा पँट घालायला विसरला आणि चड्डीवरच बाहेर पडला. त्यापेक्षा किल्ट बरा, अस्सलपणात थोडा उणा असेना का. हाच पिअर्स पुढे ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचा नेता झाला. ब्रिटिश साम्राज्याला तो डरला नाही. चड्डीला डरला.

अशा रीतीने अब्रूच्या भीतीने आयर्लंडला किल्ट मिळाला. केशरी रंग जुन्या सदऱ्याचा आणि कापायची पद्धत शेजारच्या स्कॉटलंडची. पिअर्सच्या शाळेतली मुलं तो घालू लागली. लॉर्ड अ‍ॅशबर्न नावाचे एक खानदानी गृहस्थ तो घालून थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाऊ लागले. चालत वाजवायच्या मोठ्या पाइप्सचे बँड गावोगाव निघाले, त्यांनी तर तो उचललाच. गंमत म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या आयरिश पलटणींच्या पायपरना केशरी किल्ट, आणि ब्रिटिशांशी भांडून स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या सैन्यातल्या पायपरनाही केशरी किल्टच. एवढ्या एका कलमावर दोन्ही देशांचं कधी दुमत झालं नाही.

इलन पाइप्सवाले या धामधुमीत काय करत होते? ते खुर्चीत बसले होते. अपवाद एमन कँटचा. डब्लिन महापालिकेत हिशेबाचं काम करणारा हा कारकून उत्तम पायपर होता. १९०० मध्ये निघालेल्या डब्लिनच्या पायपर्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक. १९०८ मध्ये तो रोमला गेला आणि पोप दहावे पायस यांच्यासमोर त्याने पाइप्स वाजवल्या, त्याही खास जुन्या धाटणीचा आयरिश वेष करून. पोपसमोर कारकुनी कोटात कसं जायचं, हा संकोच समजण्यासारखा आहे. शिवाय पोप स्वतः जे घालून बसतात, त्यापुढे साधा कोट टिकला नसताच. कँटही पुढे १९१६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांत होता आणि त्याच वर्षी ८ मे रोजी इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या वेषाबद्दल हसावं, वादनाबद्दल आणि धैर्याबद्दल नाही.

दुसरा गणवेश आला अमेरिकेतून, आणि तो विनोदी होता. तिथल्या रंगमंचावरच्या आयरिश माणसाचा साचा ठरलेला असे: गुडघ्यापर्यंतची विजार, शेपटीचा कोट, चेपलेली टोपी, हातात सोटा. गॅलवे परगण्यात १८६५ मध्ये जन्मलेला पॅट्सी टूही हा त्या काळातला अफाट पायपर व्हॉडव्हिल नावाच्या याच करमणुकीच्या दुनियेत पोट भरत होता. बायकोबरोबर विनोदी प्रवेश करायचा, आणि मधेच पाइप्स काढून असं काही वाजवायचा की आजही वादक त्याच्या मेणाच्या सिलिंडरवरच्या ध्वनिमुद्रणांतून एकेक हरकत सोडवत बसतात. सिलिंडरमध्ये विजार ऐकू येत नाही, हे बरं झालं.

त्याच अमेरिकेत फ्रान्सिस ओ’नील हा शिकागोचा पोलीसप्रमुख चोरांबरोबर चाली पकडत होता. १९०३ च्या त्याच्या संग्रहात साडेअठराशे रचना आहेत. १९१३ मध्ये त्याने वादकांवरच एक जाडजूड पुस्तक काढलं, छायाचित्रांसह. त्यातले पायपर बघावेत: कोट, वेस्टकोट, टाय, मिशा. जणू कर्ज मंजूर करून घ्यायला आलेत, आणि तारण म्हणून पाइप्स मांडीवर ठेवल्यात. कॉर्कच्या मॉली मॉरिसी आणि मे मॅकार्थी या दोन तरुण पायपर मुलींनाही त्यात स्थान आहे. फोटोसाठी ठेवणीतलं काढून घालायचं, ही खेड्यापाड्यातली साधी रीत, आणि आयरिश पायपरचा खरा ऐतिहासिक पोशाख शोधायचा तर तो हाच आहे. रविवारचे कपडे. चर्चला, लग्नाला, अंत्ययात्रेला आणि वादनाला एकच सूट. लिओ राउसम डब्लिनमध्ये पाइप्स बनवायचा, शिकवायचा आणि वाजवायचा, तो असाच सुटाटायात. पायपर शेमस एनिस १९४० च्या दशकात लोकसाहित्य आयोगासाठी सायकलवरून गाणी गोळा करत हिंडला. घोडागाडी घेऊन जत्रांतून, शर्यतींतून फिरणारा जॉनी डोरन हा भटक्या जमातीचा पायपर, ज्याचं वादन ऐकून विली क्लॅन्सीसारखे पायपर खुळावले. त्याच्या प्रेक्षकांनी तो काय वाजवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं. काय घालायचा हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

साठच्या दशकात मात्र सगळ्या आयरिश संगीताला एकदम कपडे फुटले. क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम न्यूयॉर्कची थंडी बाधू नये म्हणून घरून आलेले पांढरे लोकरी अ‍ॅरन स्वेटर घालून १९६१ मध्ये एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गायले, आणि ‘आयरिश संगीत म्हणजे जाड स्वेटर’ हे समीकरण जगभर पसरलं. ते गायक होते, त्यांना स्वेटर परवडला. इलन पाइप्सच्या वादकाने तो घालून मंचावरच्या दिव्यांखाली अर्धा तास भाता हाणावा, म्हणजे लोकर धुतल्यावर आटते की माणूस, ते कळेल.

संगीतकार शॉन ओ रिआडाला तर स्वेटरही पसंत नव्हता. शेतावरच्या, शेकोटीपुढच्या संगीताला मैफलीचा मान मिळाला पाहिजे, हा त्याचा ध्यास. १९६९ मध्ये डब्लिनच्या गेइटी थिएटरात त्याचा वाद्यवृंद बसला तो काळे सूट, पांढरे शर्ट, बो टाय लावून, आणि त्यात पायपर पॅडी मलोनी. बो टायचा पायपरला एक फायदा आहे: तो लोंबत नाही, त्यामुळे नळ्यांत अडकत नाही. बाकी त्या रात्रीचं संगीत अप्रतिम होतं, पण ते टायमुळे नव्हे. पुढे मलोनीच्याच ‘चीफ्टन्स’ने १९७५ मध्ये लंडनचा अल्बर्ट हॉल भरवला. तोवर त्यातल्या मंडळींनी नोकऱ्या सोडल्या नव्हत्या. त्या काळातले त्यांचे फोटो पाहिले तर कळतं, हे लोक जगप्रसिद्ध होण्याच्या बेतात आहेत आणि त्यांच्या अंगावर सोमवारी ऑफिसला चालतील असे कपडे आहेत.

आणि या सगळ्यावर कडी केली ती १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटाने. पडद्यावर स्कॉटिश योद्धे, किल्ट, डोंगर, वारा, स्कॉटिश पाइप्स. आणि प्रेक्षकांच्या कानावर पडतात त्या आयरिश इलन पाइप्स, कारण त्यांचा सूर मऊ, ओलसर आणि रडायला सोयीचा. म्हणजे किल्ट एकाचा, सूर दुसऱ्याचा. तो सूर काढणारा एरिक रिग्लर हा अमेरिकन वादक स्टुडिओत बसून वाजवत होता. चित्रपट पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या कोट्यवधी लोकांनी त्या सुराला मनातल्या मनात किल्ट नेसवला, आणि तो अजून उतरवलेला नाही.

माझं मत विचाराल तर पायपरला पोशाख देण्याचे हे सगळे उद्योग बघणाऱ्यांनी केले, बघणाऱ्यांसाठी. देशभक्तांना इतिहास दिसायला हवा होता, अमेरिकन मॅनेजरांना तिकीट, ओ रिआडाला प्रतिष्ठा. वादकाला त्यातलं काहीच बघायचं नव्हतं. सेशनमध्ये, म्हणजे पबमधल्या त्या गोलात, तो मित्रांकडे तोंड आणि पबकडे पाठ करून बसतो. पाठीला कसला गणवेश? आज पंचविशीतली मुलं-मुली टी-शर्ट नि जीन्समध्ये वाजवतात, मांडीवर चामड्याचा तोच तुकडा टाकून. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर १५ नंबरच्या घरात ‘ना पीबरी इलन’ ही १९६८ मध्ये स्थापन झालेली पायपरांची संस्था आहे. तिथे पत्त्या बनवायला शिकवतात, जुन्या चाली शिकवतात. ड्रेस कोड शिकवत नाहीत.

तुमचा कधी तिकडे जाण्याचा योग आला तर जुलैच्या सुरुवातीला क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॉलबे या छोट्या गावी जा. तिथे १९७३ पासून विली क्लॅन्सीच्या नावाने उन्हाळी शाळा भरते आणि आठवडाभर गावातल्या प्रत्येक पबमध्ये वाजवणारे असतात. घरून निघताना हिरवी प्लॅस्टिकची टोपी घालू नका, रेनकोट मात्र घ्या. लवकर पोहोचा. आणि आत गेल्यावर गर्दीत एखादी हात नसलेली साधी लाकडी खुर्ची रिकामी दिसली, तर तिच्यावर बसू नका. कोपरं हलवायला जागा हवी म्हणून ती पायपरसाठी ठेवलेली असते.